गाडीचा नंबर आधी सांगा, दरवाजे उघडून दाखवा : खासगी बसच्या प्रवाशांचे खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य
तसेच राज्यातील खासगी बसमालक, त्यांच्या संघटना आणि ऑनलाइन तिकीट विकणाऱ्या कंपन्या

विषय : लांब पल्ल्याच्या खासगी बसमधील सुरक्षितता, भाडे आणि तक्रार निवारण

महोदय,

खासगी बसला मोठा अपघात झाला की आठ-पंधरा दिवसांत विशेष तपासणी मोहीम जाहीर होते. टोलनाक्यांवर गाड्या अडवल्या जातात, चलान फाटतात, काही गाड्या जप्तही होतात. पुढे सणाची गर्दी येते, गाड्या कमी पडू लागतात आणि मोहीम थंडावते. 8 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे यवतमाळहून मुंबईकडे निघालेली स्लीपर बस नाशिकमध्ये ट्रकला धडकून पेटली आणि किमान 12 जण गेले. 1 जुलै 2023 ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला येणारी बस जळाली, 25 जण गेले. ऑक्टोबर 2025 मध्ये दहा दिवसांच्या अंतराने आधी जैसलमेरजवळ आणि मग कुर्नूलजवळ दोन खासगी बस जळून खाक झाल्या. प्रत्येक वेळी चर्चा झाली ती न उघडलेल्या दारांची आणि न फुटलेल्या काचांची. तरीही आज रात्री पुण्याहून, मुंबईहून, नागपूरहून सुटणाऱ्या गाड्यांतली आपत्कालीन दारे उघडतात की नाही, हे सुटण्याआधी कोणी पाहणार नाही. ही गोष्ट आम्हाला मान्य नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही या गाड्यांनी नेहमी प्रवास करणारी माणसे आहोत. नोकरी एका शहरात आणि घर चार जिल्हे पलीकडे, अशा लोकांना रेल्वेचे तिकीट वेटिंगवर आणि एसटीची रातराणी भरलेली असली की ट्रॅव्हल्सशिवाय गत्यंतर नसते. परीक्षेला जाणारी मुले, दवाखान्याच्या तारखेसाठी निघालेले म्हातारे आईवडील, बाळंतपणाला माहेरी निघालेली लेक, सगळे याच गाड्यांत असतात. खासगी बस बंद करा असे आमचे म्हणणे नाही. त्या चालायलाच हव्यात, पण त्यांत निवांत झोपता आले पाहिजे.

आता मूळ मुद्दा. तिकीट काढताना प्रवाशाला गाडी दिसत नाही. दिसतात ते भाडे, सुटायची वेळ आणि आधीच्या प्रवाशांनी दिलेले स्टार. हे स्टार कशाचे असतात? चादर स्वच्छ होती का, एसी गार होता का, गाडी वेळेवर पोहोचली का, क्लिनर नीट बोलला का. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण मागचे आपत्कालीन दार बर्थने अडले होते का, वायरिंगला फ्यूज होता का, ड्रायव्हर आदल्या रात्रीही जागा होता का, याबद्दल कोणी मत देत नाही, कारण प्रवाशाला ते कळायची सोयच नाही. त्यामुळे साडेचार स्टारची गाडीसुद्धा जीवघेणी असू शकते. जे प्रवाशाला दिसत नाही ते पाहण्याचे काम आपल्या खात्याचे आहे, आणि जे पाहिले ते प्रवाशाला तिकिटावर दिसले पाहिजे. या पत्रातल्या साऱ्या मागण्या यातूनच निघतात.

दारे आणि खिडक्या

स्लीपर गाडीत माणूस आडवा, झोपेत, अंधारात आणि पडद्याआड असतो. धूर शिरला की त्याला जागे व्हायचे, चष्मा-चप्पल शोधायचे, पडदा सारायचा, वरच्या बर्थवरून पायरीने उतरायचे आणि एका माणसापुरत्या बोळातून दारापर्यंत जायचे असते. सगळे एकदम उतरले की तो बोळ तुंबतो. म्हणून स्लीपरमध्ये पुढच्या एका दारावर कोणाचाही जीव सोपवता येत नाही.

त्यात आपल्याकडे प्रवाशांचे दार डाव्या अंगाला. गाडी डावीकडे कलंडली की ते दार जमिनीला टेकते आणि संपते. सिंदखेडराजाला नेमके हेच झाले. अशा वेळी वाटा उरतात तीन. एक, छतावरचे झाकण, म्हणजे हॅच. गाडी आडवी झाली की छताची भिंत होते आणि हॅच माणसाच्या हाताच्या उंचीवर येते. उलटलेल्या गाडीत यापेक्षा चांगली वाट नाही. दुसरी वाट मागच्या काचेची. तिसरे उजव्या बाजूचे आपत्कालीन दार. पण ते आता डोक्यावर असते, वर ढकलून उघडावे लागते आणि उघडल्यावर पुन्हा खाली आपटू नये म्हणून त्याला अडण लागते.

नियमांत हे सगळे आहे. एआयएस म्हणजे वाहनांसाठीची भारतीय मानके. त्यांत बसबांधणीसाठी एआयएस-052 आहे, स्लीपरसाठी वेगळे एआयएस-119 आहे. 12 मीटरपर्यंतच्या स्लीपरला किमान चार आपत्कालीन मार्ग हवेत, त्याहून लांब गाडीला पाच. कागदावर ते असतातही. गाडीत मात्र काय होते ते पाहा. मागच्या दाराला आडवा बर्थ टाकला जातो, कारण एका बर्थचे रोजचे भाडे बुडते. दाराची मूठ खडखडते म्हणून तारेने बांधली जाते किंवा काढूनच टाकतात. हॅचच्या आतून एसीचा डक्ट जातो किंवा वरून ताडपत्री टाकून सामान रचलेले असते. खिडकीवर लाल अक्षरांत ‘आपत्कालीन मार्ग’ लिहिलेले असते, पण तिच्यासमोर वरच्या बर्थचा लोखंडी कठडा असतो. हातोड्या चोरीला जातात म्हणून ड्रायव्हरच्या केबिनमध्ये कुलपात ठेवतात. अलीकडे तर प्रत्येक बर्थला सरकते दार लावून त्याला खासगी केबिन म्हणण्याची टूम निघाली आहे. थोडा दाब आला, चौकट वाकली की ते दार रुळात अडकते आणि आतला माणूस आतच राहतो. ड्रायव्हर आणि प्रवासी यांच्यामधल्या बंद दाराचीही तीच गत.

काचेबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण इथे प्रवाशांनाही कोणी शिकवलेले नाही. खिडकीची टफन्ड काच मोबाइलने, बॅगेने किंवा मुठीने सहसा फुटत नाही. टोकदार हातोडी लागते आणि घाव मध्यावर न घालता कोपऱ्याजवळ घालावा लागतो. काचेवर फिल्म असेल तर फुटलेले तुकडे जागीच चिकटून राहतात, मग पायाने बाहेर ढकलावे लागतात. पुढची काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये पातळ थर चिकटवलेली असते, ती या पद्धतीने फुटत नाही, तिच्यामागे वेळ घालवू नये. एवढे सांगायला सुटण्याआधी दोन मिनिटे पुरतात. विमानात हे रोज सांगतात, बसमध्ये कधीच नाही.

आग कशी लागते

अपघातानंतर ‘प्राथमिक अंदाज : शॉर्टसर्किट’ असे लिहिले जाते आणि चौकशी तिथेच मंदावते. शॉर्टसर्किट का होते, ते कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनला माहीत आहे. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, एका कंपनीची, बॉडी दुसऱ्याने बांधलेली आणि गाडी रस्त्यावर आल्यावर चार्जिंग पॉइंट, एलईडी पट्ट्या, टीव्ही, इन्व्हर्टर तिसऱ्याने जोडलेले. या तिसऱ्या कामाचा ना नकाशा असतो ना तपासणी.

साधा हिशेब आहे. 36 बर्थ, प्रत्येकावर एक फोन 15 वॅटने चार्ज होतोय असे धरले तर 540 वॅट झाले. 24 व्होल्टच्या गाडीत तो साडेबावीस अँपिअरचा भार होतो. ज्या वायरवरून हा भार घेतला ती मुळात चार दिव्यांसाठी टाकलेली असेल, तर 10 अँपिअरचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडणारच. रात्री प्रवासी चार्जिंगसाठी ओरडतात. मग क्लिनर त्या जागी 30 चा फ्यूज बसवतो किंवा तांब्याची तार गुंडाळतो. आता फ्यूज उडत नाही, वायर तापते. ती वायर प्लायवूडच्या मागे, फोम आणि रेक्झिनला चिकटून गेलेली असते. जिथे ती पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी बूच नसेल तर रोजच्या हादऱ्यांनी तिचे आवरण घासले जाते. आग तिथून सुरू होते. फोम जळताना जो धूर निघतो तो ज्वाळेच्या आधी माणसाला बेशुद्ध करतो.

उपाय महाग नाहीत. दर सहा बर्थना वेगळा फ्यूज, भाराला पुरेल अशी आणि सहज न पेटणारी वायर, तिच्यावर लवचीक नळी, प्रत्येक भोकाला रबरी बूच, आणि ड्रायव्हरच्या हाताशी बॅटरी तोडणारा मुख्य स्विच. नव्या स्लीपरच्या किमतीत हा खर्च दिसणारही नाही.

इंजिन कप्प्यातली आग ओळखून विझवणाऱ्या यंत्रणेसाठी एआयएस-135 आहे. पण बसवलेली यंत्रणा भरलेली आहे का, हे पाहायला हवे. सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात नसेल तर ते फक्त लोखंड आहे. हातात धरायच्या अग्निशामकाचेही तेच. एक ड्रायव्हरजवळ आणि एक मागच्या बाजूला हवा, कारण आग मधे लागली तर मागच्या माणसाला पुढचा सिलिंडर उपयोगाचा नाही.

आणि डिकीतला माल. प्रवाशांच्या बॅगांखेरीज पार्सल, रंगाचे डबे, बॅटऱ्या, कधी दुचाकीसुद्धा टाकीतल्या पेट्रोलसह, असे काय काय आमच्या पायाखाली भरले जाते. कुर्नूलच्या बसमध्ये मोबाइल फोनचा मोठा माल होता आणि त्यांच्या बॅटऱ्यांनी आग भडकली असावी, असे तपासाच्या बातम्यांत आले होते. छतावर माल चढवला की गाडीचा तोल वर सरकतो आणि वळणावर ती लवकर कलंडते. भरताना कोणी पाहत नाही, कारण ते सुटण्याच्या जागी भरले जात नाही. आधी गोदामाशी गाडी लागते, मग प्रवासी घ्यायला येते. तपासणी टोलनाक्यावर करण्यात हाच घोळ आहे.

ड्रायव्हर

नाशिक, सिंदखेडराजा, कुर्नूल. तिन्ही अपघात मध्यरात्र ते पहाट या वेळातले आहेत. माणसाचे शरीर याच वेळात झोप मागते. 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा दिवसाला आठ तास आणि लांब पल्ल्याला परवानगीने फार तर दहा तास काम, तसेच पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असे सांगत होता; 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. मोटार वाहन कायद्याचे कलम 91 कामाच्या तासांसाठी त्याच मर्यादेचा आधार घेत आले आहे.

पुणे-नागपूर सुमारे सातशे किलोमीटर. संध्याकाळी सहाला निघालेली गाडी थांबे धरून सकाळी पोहोचते. एका ड्रायव्हरने ती चालवणे नियमाबाहेर आहे, म्हणून दोन ड्रायव्हर असतात, निदान नोंदीत तरी. पण दुसऱ्याने झोपायचे कुठे? कित्येक गाड्यांत तो इंजिनशेजारच्या बाकावर कंबर मोडून पडतो, काहींत डिकीत झोपतो. सकाळी पोहोचल्यावर पार्सल उतरवणे, गाडी धुणे, डिझेल भरणे, मग उन्हात उभ्या गाडीत दोन-तीन तास डोळा लावणे आणि संध्याकाळी परतीची फेरी. असे चार दिवस सलग केलेल्या माणसाकडून पहाटे चारला ब्रेक वेळेवर लागेल, ही अपेक्षा आम्हाला अन्यायाची वाटते. त्याच्यावर आणि आमच्यावर, दोघांवरही. अपघातानंतर गुन्हा ड्रायव्हरवर दाखल होतो. त्याला सलग फेऱ्या कोणी लावल्या हे क्वचितच विचारले जाते.

वेगाचेही तेच. व्यावसायिक प्रवासी वाहनाला ताशी 80 किलोमीटरचा वेगनियंत्रक असतो. तो तोडलेला आहे की चालू, हे कळायला गाडी उघडायचीही गरज नाही. एआयएस-140 प्रमाणे बसवलेले लोकेशन यंत्र गाडीचा वेग सतत पाठवत असते. 80 वर अडवलेली गाडी नोंदीत 105 दाखवत असेल तर नियंत्रक निकामी केला आहे. ही माहिती यंत्रणेकडे येते, तिचे पुढे काय होते ते प्रवाशांना कळायला हवे. संकटात मदत मागण्यासाठीच्या पॅनिक बटणाबद्दलही असाच प्रश्न आहे. ते बहुतेक वेळा पडद्यामागे असते, आणि दाबल्यावर पलीकडून कोणी उत्तर देते का याची चाचणी प्रवाशांसमोर कधी होत नाही.

परवाना आणि भाडे

या गाड्यांकडे कंत्राटी वाहतुकीचा परवाना असतो. म्हणजे कायद्याच्या नजरेत आम्ही सगळ्यांनी मिळून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला ही गाडी ठरवली आहे. प्रत्यक्षात ती रोज ठरलेल्या वेळी सुटते, वेगवेगळी तिकिटे घेते, वाटेत चढउतार करते. ही टप्पा वाहतूक झाली. हे आरटीओला, पोलिसांना, मालकांना आणि आम्हालाही ठाऊक आहे. पण कागदावर टप्पा वाहतूक नसल्याने वेळापत्रक बंधनकारक नाही, थांबे ठरलेले नाहीत, भाड्याचा तक्ता नाही. म्हणून गाडी तीन तास उशिरा आली किंवा पहाटे चारला शहराबाहेरच्या बायपासवर उड्डाणपुलाखाली उतरवून गेली, तर मोडलेला नियम नेमका कोणता हेच सापडत नाही. आमच्या मते बहुतेक तक्रारींचे मूळ इथे आहे आणि त्याला हात घालायला कोणी तयार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 74 खाली कंत्राटी परवान्याला अटी घालता येतात. त्या घाला. अखिल भारतीय पर्यटक परवान्यावर धावणाऱ्या गाड्यांबाबत राज्याचे हात बांधलेले असतील, तर केंद्राकडे तसा लेखी प्रस्ताव पाठवा आणि तो जाहीर करा. राज्यात रोज धावणाऱ्या, पण नागालँड, अरुणाचल किंवा दमण पासिंगच्या गाड्यांची फिटनेस तपासणी इथे का होऊ नये, याचेही उत्तर हवे.

भाड्याबाबत 27 एप्रिल 2018 चा शासन निर्णय आहे. एसटीच्या त्याच प्रकारच्या बसच्या दीडपटीहून जास्त भाडे घ्यायचे नाही. निर्णय चांगला आहे, पण त्यातली मोजणी संपूर्ण बसच्या प्रति किलोमीटर दरावर आहे. प्रवासी एक बर्थ घेतो. पूर्ण बसचा दर बर्थमध्ये कसा वाटायचा, सिंगल आणि डबल बर्थला काय लावायचे, एसी स्लीपरला एसटीची कुठली गाडी जोडीला धरायची, हे त्याने कुठे पाहायचे? परिणामी गणपती, दिवाळी, उन्हाळी सुटी आली की भाडे दुप्पट-तिप्पट होते आणि तक्रार करणाऱ्याला मर्यादाच सांगता येत नाही. प्रत्येक मोठ्या मार्गासाठी ‘या प्रकारच्या बर्थला जास्तीत जास्त इतके रुपये’ असा आकड्यांचा तक्ता निघाला, तर वाद मिटेल. तो तक्ता तिकिटाच्या पानावर भाड्याशेजारी दिसावा. एसटीचे दर बदलले की हाही बदलावा.

गाडी बदलणे, उतरवणे, थांबणे

तिकिटावर 2+1 (एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक बर्थ) एसी स्लीपर, समोर उभी जुनी सीटर. कारण विचारले तर गाडी ‘कामात निघाली’. सुट्या पैशांसारखे शंभर-दोनशे परत देऊन विषय संपवला जातो, तेही भांडल्यावर. गाडीचा नंबर सुटायच्या तासभर आधी मेसेजने येतो आणि कधी ऐनवेळी पुन्हा बदलतो. नंबर आधी कळला तर एम-परिवहन ॲपवर त्या गाडीचा फिटनेस, विमा आणि परवाना चालू आहे का हे कोणीही पाहू शकतो. मग तो फक्त तासभर आधी का सांगायचा? रोजच्या मार्गावर मालकाला दुपारीच माहीत असते कुठली गाडी लागणार आहे.

थांब्यांबाबत सर्वांत जास्त हाल बायकांचे होतात. गाडी कुठे थांबेल हे हॉटेलवाल्याशी असलेल्या व्यवहारावर ठरते. ड्रायव्हर-क्लिनरला जिथे जेवण फुकट तिथे गाडी लागते, मग स्वच्छतागृह कसेही असो. पहिला थांबा चार-साडेचार तासांनी, दुसरा ड्रायव्हरच्या मनावर. अनेक जणी प्रवासाच्या दिवशी दुपारपासून पाणी पिणे बंद करतात. मधुमेही आणि वयस्कर पुरुषांचेही तेच. दर तीन तासांनी, नाव आधी जाहीर केलेल्या ठिकाणी, दिवे आणि पाणी असलेले स्वच्छतागृह असा थांबा देणे अवघड नाही. महामार्गावरचे पेट्रोल पंपही चालतील.

डबल बर्थवर शेजारी महिला असल्याचे ऑनलाइन आराखड्यात दिसते. पण एजंटने फोनवर विकलेल्या जागा त्या आराखड्यात नीट उमटत नाहीत आणि रात्री अकराला अनोळखी पुरुष शेजारचा बर्थ मागायला उभा राहतो. ऑफलाइन विकलेली जागाही त्याच यादीत, लिंगाच्या नोंदीसह चढली पाहिजे. हीच यादी अपघातानंतर लागते. सिंदखेडराजाच्या वेळी मृतांची ओळख पटवणे किती कठीण गेले आणि अखेर सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले, हे सारा महाराष्ट्र जाणतो.

ब्लँकेट न धुता पुढच्या प्रवाशाला देणे, एसी बंद पडल्यावर उघडणारी खिडकीच नसणे, तिकीट रद्द केल्यावर परताव्यासाठी एजंटने कंपनीकडे आणि कंपनीने एजंटकडे बोट दाखवणे, या तक्रारी जुन्याच आहेत. त्या ग्राहक हेल्पलाइन 1915 वर किंवा जिल्हा ग्राहक आयोगात नेता येतात, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क नाही. पण अडलेले आपत्कालीन दार ग्राहक आयोगात नेऊन त्या रात्री उपयोग नसतो. आज प्रवासी ती तक्रार तिकीट विकणाऱ्या ॲपवर टाकतो. ॲप परवाना देत नाही आणि रद्दही करत नाही. ज्याच्या हाती परवाना आहे त्या आरटीओपर्यंत ती पोहोचतच नाही.

बसमालकांना एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. तुमच्यापैकी अनेकांनी नियमाप्रमाणे गाड्या बांधल्या, दोन ड्रायव्हर ठेवले, फेरीनंतर त्यांना खोली दिली. हा खर्च करणाऱ्याचे तिकीट न करणाऱ्याच्या तिकिटाहून महाग पडते आणि प्रवाशाला फरकाचे कारण दिसत नाही, म्हणून तो स्वस्त तिकीट घेतो. आमच्या मागण्या मान्य झाल्या तर पहिला फायदा तुमचाच आहे. संघटनांनी आपल्या सभासदांच्या बेकायदा बदल केलेल्या गाड्यांना पाठीशी घालणे थांबवावे, एवढी विनंती.

आमच्या मागण्या :

1. तपासणी सुटण्याच्या जागी करा. संगमवाडी असो, बोरिवली असो की नागपूरची गणेशपेठ, रोज संध्याकाळी काही गाड्या चिठ्ठ्या टाकून निवडा. निरीक्षकाने प्रत्येक आपत्कालीन दार, खिडकी आणि हॅच स्वतःच्या हाताने उघडावे, वरच्या शेवटच्या बर्थवर आडवे होऊन तिथून बाहेर पडायची वाट पाहावी, अग्निशामकाचा काटा, हातोड्यांची संख्या, फ्यूजचा डबा, बॅटरीजवळचे जोड आणि डिकी पाहावी. टायरवरचा चार अंकी आकडा आठवडा आणि वर्ष सांगतो, तोही वाचावा. एका गाडीला पंधरा मिनिटे पुरतील. नापास गाडी सोडू नये. तिच्या प्रवाशांची दुसऱ्या गाडीत सोय करण्याची जबाबदारी मालकाची.

2. बर्थची सरकती दारे, ड्रायव्हर-केबिनमधले बंद दार आणि आपत्कालीन मार्गात आडवे आलेले बर्थ ठराविक मुदतीत काढून टाकण्याचा आदेश काढा. चासी लांबवलेल्या गाड्यांचा फिटनेस रोखा.

3. गाडीचा नंबर तिकिटावर सुटण्याआधी किमान सहा तास हवा. सोबत शेवटच्या तपासणीची तारीख आणि निकाल, आणि दोन्ही ड्रायव्हरनी मागचे काम किती वाजता संपवले याची नोंद. गाडी बदलली तर पूर्ण परतावा मागण्याचा हक्क, खालच्या दर्जाची गाडी आली तर फरक आपोआप परत.

4. प्रत्येक बर्थजवळ क्यूआर कोड लावा, ज्यावरून छायाचित्रासह तक्रार थेट संबंधित आरटीओकडे जाईल आणि तक्रार क्रमांक मिळेल. तिकीट विकणाऱ्या कंपन्यांनी सुरक्षिततेविषयीची प्रत्येक तक्रार 24 तासांत खात्याकडे पाठवणे बंधनकारक करा.

5. मार्गनिहाय कमाल भाड्याचा तक्ता, दर बर्थचा, रुपयांत. येत्या सणाच्या हंगामाआधी.

6. दर तीन तासांनी जाहीर थांबा. शहराच्या हद्दीत, दिवे असलेल्या आणि रिक्षा मिळेल अशा ठरलेल्या जागीच उतरवणे. महापालिकांशी बोलून या जागा खात्याने ठरवून द्याव्यात, नाहीतर वाहतूक पोलीस तिथून गाड्या हाकलतात आणि बायपास हाच थांबा होतो.

7. लोकेशन यंत्रांवरून आलेल्या वेगमर्यादा भंगांची मालकनिहाय यादी दर महिन्याला प्रसिद्ध करा.

8. सुटण्याआधी दोन मिनिटांची सुरक्षा सूचना, मराठीतून. दारे कुठे, हातोडी कुठे, काच कुठे फोडायची.

यांतल्या पहिल्या, चौथ्या आणि आठव्या मागणीला नवा कायदा लागत नाही. आदेश काढला तर काम पुढच्या महिन्यात सुरू होऊ शकते. बाकीच्यांपैकी कुठली आपल्या अधिकारात आहे, कुठली राज्य शासनाच्या आणि कुठली केंद्राच्या, हे खात्याने 30 दिवसांत मुद्देसूद लेखी कळवावे आणि ते उत्तर संकेतस्थळावर टाकावे. प्रत्येक मागणीपुढे तारीख असावी. जी मान्य नाही तिच्यापुढे कारण असावे.

आपले,
लांब पल्ल्याच्या खासगी बसने नेहमी प्रवास करणारे प्रवासी